त्रुटी मोजल्या, धोका मोजलाच नाही

२०१६ साल उजाडत असताना तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या अमेरिकी वृत्तस्थळांवर एक यादी झळकली. सरत्या वर्षात कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वाधिक सुरक्षात्रुटी नोंदल्या गेल्या, याची ती क्रमवारी होती. पहिला क्रमांक ॲपलच्या संगणकांवर चालणाऱ्या ‘मॅक ओएस एक्स’चा, त्रुटी ३८४. दुसरा आयफोनच्या ‘आयओएस’चा, ३७५. तिसरा ॲडोबीच्या ‘फ्लॅश प्लेअर’चा, ३१४. ‘विंडोज ७’ बरीच खाली, १४७ वर. ‘विंडोज १०’च्या नावापुढे तर अवघ्या ५३. मग काय, मॅक हीच सर्वांत असुरक्षित प्रणाली, विंडोज त्यापेक्षा बरी, अशा आशयाच्या बातम्या भराभर फिरल्या.

पुढच्या वर्षी हाच मान ॲन्ड्रॉइडला मिळाला, ५२३ त्रुटींसह. मार्च २०२० मध्ये वीस वर्षांची बेरीज करणारी आणखी एक यादी आली. तिच्यात लिनक्सचा ‘डेबियन’ हा अवतार ३,०६७ त्रुटींसह अव्वल होता आणि विंडोज ७ चा आकडा होता १,२८३. दर वेळी नाव बदलते, बातमीचा साचा तोच राहतो.

या याद्यांतले आकडे बनावट नव्हते. कुणीही तपासून पाहावेत अशा सार्वजनिक नोंदींतून ते घेतलेले होते. गफलत झाली ती पुढच्या पायरीवर : मोजले एक आणि मथळ्यात सांगितले दुसरेच. आरोग्याच्या बातम्या नियमित वाचणाऱ्यांना ही गफलत ओळखीची वाटेल. तिचे परिणामही कधी कधी थेट रुग्णालयापर्यंत पोहोचतात. म्हणून ती जरा सावकाश उलगडून पाहू.

ही नोंदवही कशाची?

सॉफ्टवेअर म्हणजे माणसांनी लिहिलेल्या हजारो, कधी लाखो ओळी. त्यांत चुका राहतातच. बहुतेक चुकांमुळे फार तर ॲप मध्येच बंद पडते किंवा पडद्यावर भलतेच काही दिसते. काही चुका मात्र अशा असतात, की त्यांचा फायदा घेऊन परका माणूस आत शिरू शकतो, माहिती चोरू शकतो किंवा यंत्राचा ताबा घेऊ शकतो. या चुकांना सुरक्षात्रुटी म्हणतात.

पूर्वी एकाच त्रुटीला प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीचे नाव देई. त्यामुळे दोन तज्ज्ञ एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत की वेगवेगळ्या, हेच कळत नसे. हा गोंधळ मिटवण्यासाठी ‘मायटर’ या अमेरिकी संस्थेने १९९९ मध्ये प्रत्येक त्रुटीला एक सामाईक क्रमांक द्यायला सुरुवात केली. ‘सीव्हीई’ क्रमांक म्हणतात तो हाच. पहिल्या यादीत ३२१ नोंदी होत्या. आज एकूण नोंदी अडीच लाखांच्या पुढे आहेत. ‘निस्ट’ ही अमेरिकेची मानकसंस्था २००५ पासून या क्रमांकांवर आधारित राष्ट्रीय नोंदवही चालवते. एखादी त्रुटी कोणत्या उत्पादनाला लागू आहे आणि ती किती गंभीर आहे, हे त्या नोंदवहीत लिहिलेले असते.

सरकारी दवाखान्यात केसपेपरवर नंबर टाकतात, तसा हा क्रमांक समजा. हा रुग्ण तोच, हे ठरावे एवढाच त्या नंबराचा हेतू. एका दवाखान्यात वर्षभरात जास्त केसपेपर निघाले म्हणून त्या गावात रोगराई अधिक, असे कुणी शहाणा डॉक्टर म्हणणार नाही. तो आधी विचारेल : दवाखाना रोज उघडा असतो का? डॉक्टर हजर असतात का? शेजारच्या गावात दवाखाना तरी आहे का? त्रुटींची क्रमवारी छापताना नेमके हेच प्रश्न विचारायचे राहून जातात.

एकाच रांगेत वेगवेगळी मापे

२०१५ च्या यादीकडे पुन्हा पाहा. मॅकच्या साऱ्या आवृत्त्या, जुन्या आणि नव्या, एकाच ओळीत गोळा केल्या होत्या. विंडोजची मात्र प्रत्येक आवृत्ती वेगळ्या ओळीत होती : विंडोज ७ वेगळी, ८.१ वेगळी, सर्व्हरची आवृत्ती आणखी वेगळी. एका घरात सगळ्या भावांचे उत्पन्न एकत्र मोजायचे आणि शेजारच्या घरात प्रत्येकाचे स्वतंत्र, मग पहिले घर श्रीमंत ठरवायचे, असा हा प्रकार.

मग विंडोजच्या साऱ्या ओळींची बेरीज करावी का? तेही चालत नाही. या आवृत्त्यांचा बराचसा गाभा सामाईक असल्यामुळे तीच त्रुटी अनेक ओळींत पुन्हा पुन्हा मोजलेली असते. बेरीज केली तर आकडा फुगतो, न केली तर आकसतो. त्यातच विंडोज १० बाजारात आली होती २०१५ च्या जुलैअखेरीस. पाच महिन्यांच्या बाळाची तुलना वर्षभर रांगेत उभ्या असलेल्यांशी झाली आणि बाळ सर्वांत निरोगी ठरले.

२०२० च्या यादीत हा दोष आणखी ठळक आहे. डेबियनचा हिशेब दोन दशकांचा होता. विंडोज ७ जन्मली २००९ मध्ये. शिवाय डेबियन म्हणजे केवळ संगणक चालवणारी प्रणाली नव्हे. ब्राउझर, छायाचित्रे पाहण्याचे साधन, डेटाबेस, खेळ अशी ५० हजारांहून अधिक सॉफ्टवेअरची पाकिटे तिच्यासोबत दिली जातात, आणि त्यांपैकी कशातही त्रुटी निघाली तरी ती डेबियनच्या खात्यावर चढू शकते. विंडोजवर तुम्ही वेगळा ब्राउझर घेतलात तर त्याची त्रुटी त्या ब्राउझरच्या नावावर जाते. अख्ख्या बाजारपेठेतल्या तक्रारींची तुलना एका दुकानातल्या तक्रारींशी केल्यासारखे हे झाले.

शोधले की सापडते

यापेक्षा मोठा प्रश्न आहे तो शोधण्याचा. इथे वैद्यकशास्त्राकडून शिकण्यासारखे बरेच आहे.

दक्षिण कोरियात १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइडची तपासणी त्यात नव्हती. पण थोडे जादा पैसे भरले की गळ्याची सोनोग्राफी करून मिळे. लोकांनी ती मोठ्या संख्येने करून घेतली. २०११ मध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचे प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झाले. त्या एका वर्षात ४० हजारांहून अधिक जणांना हे निदान झाले. नुसता हा आकडा पाहिला तर महाभयंकर साथ आली असेच वाटेल. पण या रोगाने होणारे मृत्यू वर्षाला चारशेच्या आतच राहिले. ते वाढले नाहीत. रोग वाढला नव्हता, रोग शोधणारी यंत्रे वाढली होती. ज्या बारीक गाठींनी जन्मभर त्रास दिला नसता, त्याही आता दिसू लागल्या होत्या. २०१४ मध्ये काही डॉक्टरांनी जाहीरपणे हे सांगितल्यावर तपासण्या आणि शस्त्रक्रिया झपाट्याने कमी झाल्या.

ॲन्ड्रॉइडची कहाणी याच अंगाने वाचायला हवी. २०१५ च्या उन्हाळ्यात दोन गोष्टी घडल्या. गुगलने ॲन्ड्रॉइडमधील त्रुटी शोधून देणाऱ्यांना बक्षिसे जाहीर केली, आणि ‘स्टेजफ्राइट’ नावाच्या मोठ्या त्रुटीचा गाजावाजा झाल्यावर ऑगस्टपासून दर महिन्याला त्रुटींचे जाहीर पत्रक काढायला सुरुवात केली. दीडशेच्या आत असलेला वार्षिक आकडा पुढच्या वर्षी ५२३ वर गेला. शोधणाऱ्यांना पैसे मिळू लागले, सापडलेले छापले जाऊ लागले, म्हणून संख्या वाढली. फोन एका वर्षात तिप्पट-चौपट कमकुवत झाले, असा त्याचा अर्थ नव्हता.

वैद्यकाशी असलेले हे साम्य एका ठिकाणी मात्र संपते. थायरॉइडची निरुपद्रवी गाठ सापडली तर रुग्णाला नाहक शस्त्रक्रिया आणि जन्मभराच्या गोळ्या सोसाव्या लागू शकतात. सॉफ्टवेअरमधली त्रुटी सापडून बुजवली गेली तर वापरणाऱ्याचा फायदाच होतो. म्हणजे वाढलेला आकडा पुष्कळदा चांगल्या कामाची पावती असतो. मथळा मात्र त्याच पावतीला आरोपपत्र बनवतो.

झाकली मूठ सव्वा लाखाची

त्रुटी सापडली की ती जाहीर करावी की गुपचूप बुजवावी, याची प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. आपल्याच माणसांना सापडलेल्या त्रुटीला क्रमांक न घेता ती पुढच्या अपडेटमध्ये निस्तरून टाकणारे आहेत. ज्या सेवा दूरच्या सर्व्हरवर चालतात आणि तिथेच दुरुस्त होतात, त्यांतल्या त्रुटींना वर्षानुवर्षे सहसा क्रमांकच मिळत नसे. यादीत त्यांची पाटी कोरी. उलट ज्या सॉफ्टवेअरचा मजकूर सर्वांना खुला असतो, त्यातली प्रत्येक दुरुस्ती चव्हाट्यावर होते.

लिनक्सच्या गाभ्याचे उदाहरण बोलके आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये हा गाभा सांभाळणाऱ्यांना स्वतःच सीव्हीई क्रमांक देण्याचा अधिकार मिळाला. त्यांनी सावध धोरण स्वीकारले : गाभा इतका खोल आणि इतक्या ठिकाणी वापरला जातो, की जवळजवळ कोणतीही चूक कुठे ना कुठे सुरक्षेला बाधक ठरू शकते, तेव्हा शंका असली तरी क्रमांक द्यायचा. पूर्वी वर्षाला काही शेकड्यांत असलेली संख्या त्या वर्षी तीन हजारांच्या पुढे गेली. बदलला होता तो नोंदणीचा नियम. साऱ्या जगाची एकूण संख्याही २०१६ मध्ये सुमारे साडेसहा हजार होती, ती २०१७ मध्ये एकदम १४ हजारांवर गेली. तेव्हाही क्रमांक देणाऱ्या संस्था वाढणे आणि कामाला वेग येणे हे मोठे कारण होते.

अशा स्थितीत आकड्यांची क्रमवारी लावून अव्वल येणाऱ्याला बदनाम केले, तर बाकीचे त्यातून काय शिकतील? सांगू नका, शोधू नका, झाकली मूठ सव्वा लाखाची. जो पारदर्शक आहे त्यालाच शिक्षा. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती हीच.

दहापैकी किती?

संख्येऐवजी गंभीरता पाहावी, असे कुणी म्हणेल. प्रत्येक त्रुटीला ० ते १० असे गुण दिले जातात. त्या पद्धतीला ‘सीव्हीएसएस’ म्हणतात. ती उपयोगी आहे, पण तिलाही मर्यादा आहेत.

एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघड झाली. इंटरनेटवरील संवाद कुलूपबंद ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये ती होती. तिच्यामुळे सर्व्हरच्या स्मृतीतून पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या बाहेर काढता येत. जगभर धावपळ उडाली. त्या काळच्या पद्धतीनुसार नोंदवहीत तिला मिळालेले गुण होते ५, म्हणजे ‘मध्यम’. याच्या उलट टोकाचे उदाहरण ‘कर्ल’ या सॉफ्टवेअरचे. आज्ञा देताना थांबण्याची वेळ अवास्तव मोठी लिहिली तर ते अपेक्षेपेक्षा कमी थांबे, अशी एक किरकोळ चूक त्यात होती. ती २०१९ मध्येच दुरुस्तही झाली होती. २०२३ मध्ये ती नोंदवहीत अवतरली ९.८ गुणांसह, म्हणजे ‘अतिगंभीर’. कर्लचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांनी जाहीर आक्षेप घेतल्यावर गुण ३.३ वर आले. मधल्या काळात ज्याने आकडा छापला असता, तो नोंदवहीशी प्रामाणिक राहूनही वाचकाला चुकीचे सांगून बसला असता.

हे गुण सांगतात, की त्रुटीचा गैरवापर झालाच तर किती हानी होऊ शकते. गैरवापर होतो आहे का, हे ते सांगत नाहीत. अभ्यासांतून दिसते की जाहीर झालेल्या शंभर त्रुटींपैकी प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जातात त्या साधारण पाच-सहा. अमेरिकेची सायबरसुरक्षा यंत्रणा ‘सिसा’ नोव्हेंबर २०२१ पासून अशा वापरल्या गेलेल्या त्रुटींची वेगळी यादी ठेवते आणि सरकारी कार्यालयांना त्या मुदतीत बुजवाव्या लागतात. लाखोंच्या नोंदवहीतून निवडलेल्या या यादीत नोंदी आहेत हजार-दीड हजार. बातमीदाराने पाहावी अशी यादी खरे तर ही.

एकच त्रुटी पुरते

या साऱ्याची किंमत काय, ते ब्रिटनच्या रुग्णालयांना विचारा. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या भागातील त्रुटी बुजवणारी दुरुस्ती जाहीर केली. १२ मे रोजी, म्हणजे जवळपास दोन महिन्यांनी, ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्रॅम त्याच वाटेने जगभर पसरला. इंग्लंडमधील राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना त्याची झळ बसली. संगणक बंद, अहवाल दिसेनात, काही ठिकाणी तातडीचे रुग्णही दुसरीकडे न्यावे लागले. हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या.

चौकशीत आढळले, की लागण झालेली बहुतेक यंत्रे विंडोज ७ वरची होती. दुरुस्ती उपलब्ध होती, पण ती बसवलेलीच नव्हती. म्हणजे २०१५ च्या क्रमवारीत मॅकच्या निम्म्याहूनही खाली असलेली हीच ती प्रणाली. क्रमवारी वाचून आपण बऱ्या प्रणालीवर आहोत असे समाधान कुणी मानले असते, तर ते त्याच्या काहीच कामी आले नसते. शेकडो त्रुटींपैकी एक उघडी राहिली आणि तेवढी पुरली. दाराला किती फटी सापडल्या यापेक्षा बुजवायची फट किती दिवस उघडी राहिली, यावर सारे ठरले.

‘सरकारचा इशारा’ वाचताना

आपल्याकडे ही बातमी वेगळ्या रूपात येते. केंद्र सरकारची ‘सर्ट-इन’ ही यंत्रणा ॲन्ड्रॉइड, क्रोम, आयफोन, विंडोज यांच्या त्रुटींबाबत नियमित सूचना काढते. त्यांवर ‘उच्च’ किंवा ‘अतिगंभीर’ असा शेरा असतो. लगेच मोबाइलवर मथळे येतात : सरकारचा मोठा इशारा, कोट्यवधी फोन धोक्यात. सूचना खरी असते, आणि बहुतेक वेळा कंपनीने दुरुस्ती जाहीर केल्यानंतर आलेली असते. त्या सूचनेत कामाच्या गोष्टी दोनच : कोणत्या आवृत्त्यांना ती लागू आहे आणि दुरुस्ती कुठे मिळेल. मथळ्याखालच्या मजकुरात नेमक्या त्याच शेवटच्या ओळीत ढकललेल्या सापडतात, कधी सापडतही नाहीत. दर आठवड्याला ‘लांडगा आला रे’ ऐकून वाचक अपडेटची सूचनाही बाजूला सारू लागतो. खरे नुकसान ते आहे.

तेव्हा पुढच्या वेळी अशी क्रमवारी किंवा इशारा समोर आला की चार प्रश्न विचारावेत. मोजले काय, सापडलेल्या त्रुटी की झालेले हल्ले? तुलना एकाच मापाने आणि एकाच कालावधीची आहे का? दुरुस्ती निघाली आहे का? आणि ती माझ्या यंत्रापर्यंत पोहोचली आहे का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बातमीने द्यायला हवीत. चौथ्याचे उत्तर तुमच्याच हातात आहे. ॲन्ड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘सुरक्षा अपडेट’ची तारीख दिसते. ती महिन्या-दोन महिन्यांपूर्वीची असेल तर ठीक. वर्षापूर्वीची असेल आणि कंपनीकडून नवे काही येत नसेल, तर त्या फोनवरून बँकेचे व्यवहार करावेत का, याचा विचार जरूर करा. नवा फोन घेतानाही कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलबरोबर आणखी एक गोष्ट दुकानदाराला विचारा : सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार?

त्या एका तारखेत तुमच्या फोनविषयी जेवढी माहिती आहे, तेवढी जगातल्या कोणत्याही क्रमवारीत नाही.